खालचा आवाज

सुतारकाका इतक्या खालच्या आवाजात बोलायचे की समोरच्याला पुढे वाकावं लागायचं. त्यामुळे ते नेहमीच काहीतरी गुपित सांगतायत असं वाटे. ‘उद्या पाणी येणार नाही’ एवढंच सांगायला आले, तरी बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून कान टवकारायचे. मला तो त्यांचा स्वभाव वाटायचा. माझाही आवाज पटकन बाहेर पडत नाही, म्हणून असेल, मला ते पहिल्यापासून आपले वाटले.

ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. गुडगावला, सहाव्या मजल्यावर. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा आम्ही दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडलं आणि या नव्या इमारतीत आलो. बाबा आणि मी, दोघंच. आई मी चार वर्षांची असताना गेली. इमारतीत बत्तीस घरं होती आणि माणसं राहायची नऊ घरांत. बाकीचे फ्लॅट लोकांनी इन्व्हेस्टमेंट म्हणून घेऊन कुलूप लावून ठेवले होते. दुपारी लिफ्टच्या पोकळीतून वारा वर चढला की त्या बंद दारांच्या कड्या एकेक करून हलायच्या, खालच्या मजल्यापासून वरपर्यंत, कुणीतरी जिना चढत प्रत्येक दार चाचपून बघतंय अशा. बाबा म्हणायचे, हवा आहे. हवा आहे हे मलाही ठाऊक होतं. तरी आमच्या मजल्यावरची कडी हलली की मी टीव्हीचा आवाज वाढवायचे.

अशाच एका दुपारी लाइट गेली होती, म्हणून मी कॉलेजातून येऊन जिन्याने वर चढत होते. पाचव्या मजल्यावर एका कुलूपबंद दाराला टेकून कुणीतरी उभं होतं. सुतारकाका. डोळे मिटलेले. हातभर लांबीच्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यांनी दाराला लावलं होतं आणि त्याची लाकडी मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरली होती. मी तीन पायऱ्या खाली थिजून उभी राहिले. चपलांचा आवाज झाला, हातातली किल्ली पडली, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने डोळे उघडले तेव्हा मी दिसले.

“आत पाणी पडतंय,” ते म्हणाले.

वॉचमन हसला. “अरे साहब, दो साल से बंद है. पानी का कनेक्शन ही नहीं.” पण काका हटले नाहीत. दोन दिवसांनी मालकाचा माणूस किल्ली घेऊन आला, दार उघडलं, तर आत घोट्याएवढं पाणी. स्वयंपाकघरातला नळ चालू होता. नळाखाली बादली ठेवलेली होती, भरून वाहणारी. ती कुणाची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. वॉचमन म्हणाला, मजुरांची असेल. त्या दिवसापासून तो काकांना ‘पेचकसवाले बाबूजी’, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरवाले, म्हणायला लागला आणि ते जवळून गेले की बिडी लपवायला लागला.

काका मानेसरला टूलरूममध्ये होते. सकाळी साडेसहाला कंपनीची बस. पत्रा दाबून गाडीचा दरवाजा ज्या लोखंडी साच्यात तयार होतो, तो साचा, म्हणजे डाय, ते बनवायचे. “आडनाव सुतार,” ते म्हणायचे, “आणि काम दारं करायचं. फक्त लाकडाचा पत्ता नाही.” मूळचे कोल्हापूरकडचे. दिल्लीत पंधरा वर्षं काढूनही ‘कळंना’, ‘जमंना’ गेलं नव्हतं, आणि त्यात अधूनमधून ‘बिल्कुल’ आणि ‘अच्छा’ येऊन बसलं होतं. डायला तडा जाण्याआधी ती आतून वेगळी वाजते, असं त्यांनी मला एकदा सांगितलं. “डोळ्याला दिसायच्या आधी आठ दिवस. स्क्रू-ड्रायव्हर लावला की सांगते ती.” ते प्रत्येक वस्तूला असा स्क्रू-ड्रायव्हर लावायचे. फ्रिजला, पंपाला, लिफ्टच्या दाराला.

एका संक्रांतीला मराठी मंडळाची बस पानिपतला गेली होती, काला अंबला, लढाईच्या स्मारकावर. हार घालून झाले, तिळगूळ वाटून झाला, कुणीतरी भाषण करत होतं. धुकं इतकं होतं की स्तंभाचं टोक दिसत नव्हतं. काका बाजूला जाऊन कठड्याच्या लोखंडी गजाला स्क्रू-ड्रायव्हर लावून उभे होते.

“काय ऐकू येतं?” मी त्यांच्यासमोर जाऊन विचारलं.

“ट्रक. कुठंतरी ट्रक चाललेत. पुष्कळ.”

मग त्यांनी मूठ पुन्हा हाडावर नीट बसवली, थोडा वेळ ऐकलं आणि स्क्रू-ड्रायव्हर पुसून पिशवीत ठेवला. “ट्रकच असतील,” ते म्हणाले. परतीच्या वाटेवर बसमध्ये त्यांनी एकही तिळाचा लाडू खाल्ला नाही.

शैलाकाकू, त्यांची बायको, त्यांच्या वाटणीचंही बोलून घ्यायची. ऑस्ट्रेलियाला जायचं ठरलं ते तिच्यामुळेच. टूलमेकरांना तिकडे मागणी आहे, सगळ्या कुटुंबाचा व्हिसा एकदम होतो, असं एका एजंटने सांगितलं आणि काकू त्या दिवसापासून मनाने तिकडेच राहायला गेली. मिनूला, त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला, पोळीभाजी काट्याचमच्याने खायला लावायची.

“तिकडं म्हणे सगळं उलटं,” ती मला सांगायची. “आपला उन्हाळा तर त्यांची थंडी. म्हणजे सरोजिनी नगरातनं स्वेटर आत्ता घ्यायचे का नंतर, हेच कळंना बघ.”

“मम्मी, वहाँ भी स्वेटर मिळतात,” मिनू म्हणायची.

“गप. काट्याने खा.”

अडचण एकच होती. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागणार होती, आणि तिच्यात एक पेपर ऐकण्याचा होता. कॅसेट एकदाच वाजणार, ऐकत ऐकत उत्तरं लिहायची. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून काकूने मला धरलं. “तू फक्त बोल त्यांच्याशी इंग्लिशमधून. लाजू नको.” लाजू नको म्हटलं की माझी जीभ आणखी आत जाते, हे तिला कोण सांगणार?

रविवारी दुपारी आमच्या डायनिंग टेबलावर शिकवणी सुरू झाली. मी उतारे वाचायचे, काका उत्तरं लिहायचे. अक्षर सुबक, ड्रॉइंगच्या मापांसारखं. उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर. मग माझ्या लक्षात आलं की ते पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघतायत. आधी मला अवघडल्यासारखं झालं. मग शंका आली. मी खिडकी लावायच्या निमित्ताने उठले आणि पाठ करून म्हणाले, “काका, तुमच्या खांद्यावर पाल आहे.”

ते पेन्सिलीला टोक करत बसले होते. करतच राहिले.

मी परत येऊन समोर बसले. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“लहानपणी कान फुटायचे,” ते म्हणाले. “दोन्ही पडदे गेलेत. हाडातनं येतं ते ऐकू येतं. हवेतनं येतं ते नाही.” मग म्हणाले, “गोंगाटात माझं बिल्कुल नीट चालतं पोरी. पत्र्याचा प्रेस सुरू असला की सगळीच माणसं ओरडून बोलतात, सगळीच एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. शांत झालं की संपलं. मग माझ्याभोवती कुणी नसतं.”

आपला आवाज त्यांना डोक्यात मोठा ऐकू यायचा, म्हणून ते हळू बोलायचे. इतकं साधं होतं ते.

कंपनीत नवी मेडिकल तपासणी होणार होती. कान तपासले की टूलरूममधून उचलून स्टोअरमध्ये बसवतील, बोल्ट मोजायला, हे त्यांना ठाऊक होतं. तिकडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये फक्त हाताचं काम बघतात, असं त्यांनी ऐकलं होतं. म्हणजे त्या तपासणीच्या आत निघायला हवं, आणि निघायचं तर ऐकण्याचा पेपर पास व्हायला हवा.

“काकूला सांगितलंय?”

“नाही. तूही सांगू नको.”

आमच्याकडे एक जुना टेपरेकॉर्डर होता. काकांनी त्याच्या स्पीकरच्या जाळीला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावलं, मूठ कानामागे, आणि मान हलवली. येतंय. मग मला कॅसेट भरायच्या होत्या. बाबांच्या कपाटात, खणाच्या मागच्या बाजूला, एक कॅसेट सापडली. वर लेबल नाही, काही लिहिलेलं नाही. कोरी समजून मी खोलीचं दार लावून तिच्यावर उतारे वाचून भरले.

त्या रविवारी प्रश्न होता, वाचनालय किती वाजता बंद होतं. उत्तर, साडेसहा. काकांनी देवनागरीत लिहिलं होतं, ‘तिन्हीसांजेला’.

“हे काय?” मी विचारलं.

“तूच म्हणालीस की.”

“मला हा शब्दच माहीत नाही, काका.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कॅसेट मागे घेतली, पुन्हा मूठ हाडावर धरली. डोळे मिटले. “तुझ्या इंग्लिशच्या खाली कोणीतरी मराठी बोलतंय,” ते म्हणाले. “बाई आहे. ‘तिन्हीसांजेला दार लावू नको गं’ म्हणतेय.”

मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तसाच लावून पाहिला. मला माझाच आवाज ऐकू आला आणि खाली मोटरची घरघर. दुसरं काही नाही. मला वाटलं, बादलीसारखं, ट्रकसारखं, हेही काकांचं काहीतरी असेल.

संध्याकाळी मी बाबांना विचारलं, “तिन्हीसांज म्हणजे काय?”

“दिवेलागणीची वेळ. लक्ष्मी येते म्हणून दार उघडं ठेवतात.” मग ते माझ्याकडे वळले. “हा शब्द कुठून आणलास तू?”

मी कॅसेटचं सांगितलं. बाबा उठले, कपाट उघडलं, खणात हात घातला आणि तो हात बराच वेळ आतच राहिला. त्या कॅसेटवर लेबल नव्हतं, कारण त्यांना त्याची गरजच नव्हती. आईचा आवाज त्या एकाच कॅसेटवर होता. सोळा वर्षं त्यांनी ती एकदाही लावली नव्हती.

ते बाहेर गेले. समोरच्या दाराची बेल वाजवून काकांना बोलावून आणलं.

त्यानंतर जे झालं ते मी कोपऱ्यात उभं राहून पाहिलं. टेप चालू होता, माझा आवाज रटाळपणे वाचनालयाचे नियम सांगत होता. त्याला स्क्रू-ड्रायव्हर लावून, डोळे मिटून, सुतारकाका त्यांच्या त्या खालच्या आवाजात एका बाईचं बोलणं बोलत होते. “‘दार लावू नको गं, तिन्हीसांज झालीय... बाबा यायचेत...’ इथं भांडं वाजतंय. ‘ये इकडं. ठमे, ये इकडं...’”

बाबांनी टेबलाची कड धरली.

“ठमे?” मी विचारलं.

“तुझी आई म्हणायची तुला,” बाबा म्हणाले. “घरात. माझ्याखेरीज कुणालाच माहीत नाही.”

काका दमले होते. कपाळावर घाम होता. “साहेब, फार खाली आहे,” ते म्हणाले, जणू विहिरीबद्दल बोलत होते.

पुढच्या रविवारपासून शिकवणी संपली की बाबा येऊन बसायचे. काहीच विचारायचे नाहीत, फक्त समोर चहा ठेवायचे. काका कॅसेट बदलायचे. कधी एखादा शब्द हाती लागायचा, कधी नुसतं भांडं वाजायचं. मग बाबा म्हणायचे, “पितळेचं पातेलं असणार ते.” सोळा वर्षांत बाबा आईबद्दल जितकं बोलले नव्हते, तितकं त्या महिन्यात पातेल्यांबद्दल बोलले. मला कळत होतं की काका गेले की हे संपणार. बाकी कुणालाच तो आवाज ऐकू येत नव्हता.

म्हणून मी जे केलं ते केलं. परीक्षेला हॉलमध्ये लाउडस्पीकर असतो, असं एजंट म्हणाला होता. लाउडस्पीकरला स्क्रू-ड्रायव्हर लावता येत नाही. काकांनी मला परीक्षाकेंद्रावर इंग्रजीत फोन करून विचारायला सांगितलं. मी केला. तिथली बाई म्हणाली, आमच्याकडे प्रत्येकाला हेडफोन देतात. मी थँक यू म्हणून रिसीव्हर ठेवला, आणि काय करायला हवं ते मला तत्क्षणी दिसलं. हेडफोन कानावर लावायचाच नाही, कानामागच्या हाडावर दाबायचा. स्क्रू-ड्रायव्हरचीही गरज नाही.

मी आठ दिवस त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, फोन लागत नाहीये.

नवव्या दिवशी ते स्वतःच आले. हातात परीक्षेचा फॉर्म होता. “राहू दे,” ते म्हणाले. “स्टोअरमध्येही माणसंच असतात. बोल्ट मोजीन.” बाहेर काकूचा आवाज येत होता. ती वॉचमनला स्वेटर दाखवून त्याचं मत विचारत होती. काकांना तो ऐकू येत नव्हता. मला येत होता.

“हेडफोन असतात,” मी म्हणाले. “हाडावर लावा.”

ते माझ्या ओठांकडे बघत होते. “कधी कळलं?”

“आज.”

तो माणूस आयुष्यभर आवाजाशिवाय नुसते ओठ बघत आला होता. त्यांनी फॉर्मची घडी उलगडली, तळव्याने सपाट केली आणि म्हणाले, “अच्छा. बरं झालं आज कळलं.”

परीक्षा देऊन आले ते हसत. सुपरवायझर तीनदा येऊन हेडफोन नीट लावून गेला म्हणे, आणि यांनी तीनदा मागे सरकवला. “त्याला वाटलं, गावंढळ आहे, हेडफोन कधी बघितला नाही.” ते पास झाले. काकूने सगळ्या इमारतीला, म्हणजे नऊ घरांना, पेढे वाटले.

सामान बांधायला मी मदत करत होते तेव्हा मी काकूला म्हणाले, “तिकडे काकांना सगळं नीट ऐकू—” आणि जीभ चावली.

काकू स्वेटरची घडी घालत होती. “मला ठाऊक नाही होय?” ती म्हणाली. पहिल्यांदाच ती हळू बोलत होती. “लग्न झाल्यापासून त्यांना पाठीमागनं हाक मारलेली नाही मी. त्यांना वाटतं, अपशकुन होतो म्हणून मारत नाही. वाटू दे.”

निघायच्या दिवशी टॅक्सी संध्याकाळी आली. काकू आणि मिनू बॅगा घेऊन खाली गेल्या. काकांनी मला कॅसेट परत दिली. तिच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे तुकडे त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने मोडून टाकले होते. “आता हिच्यावर परत काही भरता येणार नाही,” ते म्हणाले. “कुणी चुकून दाबलं तरी.”

मग ते आपल्या रिकाम्या फ्लॅटचं दार ओढून कुलूप लावायला लागले. कुलूप लावलं. पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला, दाराला टेकवला आणि डोळे मिटले. आत काही नव्हतं. पंखेसुद्धा काढलेले होते, मी स्वतः पाहिलं होतं. जिन्याच्या खिडकीतून येणारा उजेड करडा होत चालला होता आणि खालून मिनू “पापा, चलो ना!” म्हणून ओरडत होती. ते ऐकत राहिले. मी पुढे होऊन त्यांच्या नजरेसमोर उभी राहिले.

त्यांनी डोळे उघडले. कुलूप काढलं. दार पूर्ण, भिंतीला टेकेपर्यंत उघडलं.

“तिन्हीसांज झालीय,” ते आमच्या दारात उभ्या असलेल्या बाबांना म्हणाले आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. “आत्ता नको लावायला. अंधार पडला की लावा.”

“काही ऐकू आलं का?” बाबांनी विचारलं. पण काका तोवर वळले होते, त्यामुळे प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचला नाही. थोड्या वेळाने मी जिन्याच्या खिडकीतून खाली पाहिलं. ते फाटकाकडे चालले होते, टॅक्सी त्यांच्या मागच्या बाजूला उभी होती. काकूने हाक मारली नाही. ती धावत गेली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना वळवून घेतलं.

अंधार पडेपर्यंत बाबा आणि मी आमच्या दारात खुर्च्या टाकून समोरच्या उघड्या दाराकडे बघत बसलो. खालच्या मजल्यांवरच्या कड्या एकेक करून हलायला लागल्या आणि वर येत आमच्या मजल्यावर थांबल्या. मग बाबा उठले. त्यांनी ते दार हलकेच ओढून घेतलं, पण कुलूप लावायच्या आधी कान दाराला टेकवला. ते पाठमोरे होते. मी हाक मारली नाही.